नकाशातली खासगी बाग

"माझ्या बागेवर कुणीतरी डल्ला मारलाय," खुर्चीत टेकायच्या आधीच शिक्षिकाबाई म्हणाल्या.

मामांनी वही उघडली. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते गुप्तहेर भाचीच्या कचेरीत टिपणं घेत. डोकं जरा उशिरा चालायचं, पण माणूस मनाचा भला.

प्रकरण असं होतं. इंटरनेटवर कुणालाही दुरुस्त करता येणारा शहराचा नकाशा होता. त्यात दोन गल्ल्यांमधला पालिकेचा हिरवा तुकडा 'सार्वजनिक बाग' होता. यजमान गेल्यापासून बाईंनी तो जिवापाड जपलेला. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी टोपणनावानं त्याची 'खासगी बाग' करून टाकली. गेल्या आठवड्यात पालिकेनं नकाशावरून यादी काढली : सार्वजनिक बागा राहतील, बाकी तुकड्यांवर गाड्या उभ्या राहतील. आता नोंदीत खोडसाळपणा होता हे सिद्ध झालं तरच बाग वाचणार, आणि मुदत उद्यापर्यंत.

नोंदीखाली एकच ओळ होती : 'नळ आत, फाटकाला कुलूप.'

तिघं जागेवर गेले. बाईंनी पर्समधून किल्ली काढली. पोरं फुलं ओरबाडतात म्हणून हल्ली कुलूप लावते, म्हणाल्या. झुडपांमागचा नळ मामांना वाकून शोधावा लागला.

वाहनतळाच्या कंत्राटदारानं वरून काढलेला फोटो पुढे केला. त्यात नुसते झाडांचे शेंडे. तो इकडे कधी फिरकलाच नव्हता. समोरच्या छापखानावाल्याला गाड्यांसाठी जागा हवीच होती, पण नळाचं विचारताच म्हणाला, "आत पाणी आहे होय?" राहिले बाईंचे दीर. पूर्वी रोज झाडांना पाणी मीच घालायचो, एवढंच बोलून ते चष्मा पुसत बसले.

मामांचा संशय कंत्राटदारावर होता. संध्याकाळी बाईंच्या घरी, दिरांसमोरच, भाचीनं तो मोडीत काढला.

"नळ वरून दिसत नाही, रस्त्यावरूनही नाही. आत वावरलेल्यालाच तो ठाऊक. आणि नोंद यादीच्या कितीतरी आधीची. लिहिणाऱ्याच्या मनात गाड्या नव्हत्याच, त्याला नकाशा खरा ठेवायचा होता. हो ना, काका?"

दिरांनी मान डोलावली. "सार्वजनिक ही नोंदही माझीच होती. कुलूप लागलं आणि ती खोटी ठरली."

"भाऊजी, मला एकदा विचारायचं तरी."

"किल्ली मागितली होती, वहिनी. तुम्ही म्हणालात, माझी बाग आहे."

बाईंचा चेहरा उतरला. भाचीला हे कोडं सुटलं नसतं तर बरं झालं असतं, असं मामांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

मग दीरच म्हणाले, मुद्दाम खोडी केली असं लिहून देतो, बाग तरी वाचेल. मामांनी घाईघाईनं पेन पुढे केलं. बाईंनी ते मध्येच अडवलं.

"नको. तुम्ही खरं तेच लिहिलंत. तुम्हाला खोटारडे ठरवून मी तिथे कोणत्या तोंडानं बसू?"

गाड्या यायला किती दिवस आहेत, दिरांनी हळूच विचारलं. पंधरा, भाची म्हणाली.

"मग पंधरा दिवस फाटक उघडं ठेवू," बाई म्हणाल्या.