जबड्यातली नावं

आता हाडंही वाचतात. मिरजेत तर हे इतकं रुळलंय, की जबड्यातल्या गाठीचा विषय निघाला की "फोटो काढला का?" असं कुणी विचारत नाही, "वाचून घेतली का?" असं विचारतात.

इंदुमती कोरे यांची गाठ सौम्य होती, म्हणजे कॅन्सरची नव्हे. पण ती झपाट्यानं वाढत असेल तर खालचा अर्धा जबडा काढावा लागणार, या धास्तीनं त्यांना घास गोड लागत नव्हता. सोबत यजमान शिवलिंगअप्पा होते आणि बायकोला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नेहमीप्रमाणे तेच देत होते.

"बोलताना स्नायू जबड्याला ओढतात, त्याची खूण हाडात उमटते," डॉ. तस्नीम मुजावर समजावत होत्या. "मनात बोललो तरी किंचित ओढतातच. साधं हाड झिजून नवं होतं, खूण पुसली जाते. गाठ मात्र थरावर थर चढवते, जुनं काही पुसत नाही. ते थर वाचले की वाढीचा वेग कळतो. याला आम्ही हनुलेख म्हणतो. ओठांवर न आलेले शब्दही त्यात सापडतात."

"म्हंजे हिनं माझं नाव घेतलेलं ऐकू येतंय काय?" अप्पा खुलले. "लग्नात उखाण्यातसुद्धा नाव गिळलं हिनं. जन्मभर नुसतं 'अहो'! लावा की, डॉक्टर."

डॉक्टरांनी इंदुमतींकडे पाहिलं. इंदुमतींनी अप्पांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

हाड वाचणारं यंत्र बोलू लागलं. तळच्या थरांत प्रत्येक 'अहो'च्या खाली हळूच 'शिवलिंग' होतं. थरामागून थर, तेच. अप्पांचे डोळे भरून आले. आयुष्य हाडं वाचण्यात गेलेल्या तस्नीमच्याही अंगावर काटा आला. एवढी माया बोटभर हाडात मावली होती!

मग ते नाव थांबलं.

"मंजू," हाड म्हणालं. मंजू. मंजू. पार वरच्या थरापर्यंत दुसरं नाव नाही.

मंजू त्यांची मुलगी. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, त्या दिवशी अप्पांनी बजावलं होतं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. इंदुमतींनी ते कधीच काढलं नव्हतं.

"गाठ फारच संथ वाढतेय," डॉक्टर घाईनं म्हणाल्या. "कापायची गरज नाही. वर्षानं पुन्हा वाचू."

अप्पांची मान खाली गेली होती. "इंदू, तोंडानं बोलायचं होतंस गं एकदा तरी."

इंदुमतींनी पदरानं गाल झाकला. "काढून टाका," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"काकू, अर्धा जबडा जाईल! निरुपद्रवी आहे ती."

"होती," इंदुमती म्हणाल्या. "यांना ऐकू जात नव्हतं तोवर."