चार बोटांचा पंजा

चौऱ्याहत्तर सालची दुपार. अक्कलकोट रोडच्या आमच्या चादरीच्या कारखान्यात वीज गेलेली, माग गप्प. मुकादम गुरप्पाअण्णानं मला माळ्यावरून मोराच्या नक्षीचे पत्ते आणायला पाठवलं.

मागावर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचं काम माझ्या यजमानांचं, शिवयोगींचं. प्रत्येक नक्षीची, ओवलेल्या पत्त्यांची एक मूळ माळ कुलपात राहायची, मागांना तिच्या नकला मिळायच्या. मूळ माळेत एक भोक जास्त, त्यानं चादरीच्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटे. नकलेत तो नसे. आदल्या वर्षी दुसऱ्याच कारखान्याच्या चादरींवर आमचा मोर निघाला, कोपऱ्यात लाल ठिपक्यासकट. म्हणजे मूळ माळच बाहेर गेली होती. किल्ल्या दोघांकडे, यजमान आणि गुरप्पा. चोर ठरले यजमान. त्याच धसक्यानं ते गेले. गुरप्पानं मला पत्ते ओवायला ठेवून घेतलं. मी त्याच्या उजव्या हाताला राखी बांधली. त्या हाताची चारच बोटं, एक कधीतरी मागात गेलेलं.

माळ्यावर जुन्या पुठ्ठ्याचा आणि यजमानांच्या तंबाखूचा वास होता. माळ उचलली, आणि खाली माग सुरू झाला. टक... टक...

"अण्णा, वीज आली काय?"

धावत खाली आले. पंखा बंद, दिवा बंद. गुरप्पा भिंतीला चिकटून उभा. पत्ते तर माझ्याच हातात, तरी माग विणत होता. आधी लाल ठिपका आला. मग त्याच्याशेजारी पंजा. चार बोटांचा.

"अक्का..." तो पुटपुटला, "मूळ माळ एकाच राती नेली हुती की मी... वाटलं न्हवतं, शिवयोगी जाईल म्हून..."

वर्षभर मी या माणसाला भाऊ म्हणत होते! त्याच्या ताटात मी पुरणपोळी वाढली होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माग थांबला. तेवढं कापड मी कापून घेतलं, घरी पेटीत ठेवलं.

दिवाळीला पेटी उघडली, तर पंज्याला तीनच बोटं.

त्याच संध्याकाळी गुरप्पा दारात आला. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला.

"अक्का, त्ये कापड जाळा की... रगत न्हाय, दुखलं न्हाय... सकाळी उठलो तर बोटच न्हाय..."

"माझ्या माणसाला चोर म्हणाले, तेव्हा तू कुटं हुतास?" मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तो बाहेर रडत होता. आणि आत, कुलूपबंद पेटीत, माग चालल्याचा आवाज येत होता. टक... टक...