प्रवासात असलेल्यांसाठी

निवृत्त झाल्यापासून मी बदली पाळक म्हणून गावोगाव फिरतो. कुठे पाळक आजारी असतो, कुठे नवी नेमणूक रखडलेली असते. अशा गावच्या चर्चची मंडळी मला बोलावते. बरोबर एक बॅग, काळा झगा आणि बऱ्याचदा वापरलेले उपदेश. नव्या गावात जुना उपदेश खपून जातो, हा या भटकंतीचा मोठा फायदा. बायको म्हणते, "अहो, तुमच्या उपदेशाने लोक अगदी ताजेतवाने होतात. झोप पुरी झालेली असते ना!" ती थट्टेने म्हणते. मला मात्र ते खरंच असावं असं वाटत आलं आहे.

माणसांसमोर माझी जीभ अडखळते. म्हणून शनिवारी दुपारी मी रिकाम्या चर्चमध्ये उभा राहून रविवारची सगळी उपासना मोठ्याने म्हणून पाहतो, प्रार्थनेसकट. प्रार्थनेची तालीम करावी का, हा प्रश्न मलाही पडतो. पण ऐनवेळी मुका होण्यापेक्षा ते बरं.

त्या गावातलं चर्च लहानसंच होतं. हिरवा दरवाजा, उंचावर अरुंद खिडक्या, बाकांना बसून बसून आलेली चकाकी. आत मेणाचा, जुन्या लाकडाचा आणि दमट पुस्तकांचा वास. कुठल्याही गावी जा, हा वास माझ्या आधी पोचलेला असतो, आणि परक्या ठिकाणी मला त्याचा जरा आधार वाटतो. मंडळीच्या सचिवबाईंनी दार उघडून दिलं आणि त्या गेल्या. मी आतून कडी लावली आणि व्यासपीठावर चढून उपदेश सुरू केला.

"दुःखाने माणूस शुद्ध होतो," असं मी म्हटलं, आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी खोकलं.

तोंडावर हात धरून, शिष्टाचाराने खोकावं तसा लहान, कोरडा खोकला. मी खाली उतरून बाकांमधून फिरलो, वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. जुन्या लाकडाला असे आवाज येतात, असं स्वतःला सांगून मी पुन्हा वर चढलो. त्याच वाक्याला पुन्हा खोकला. मी वाक्य बदललं: "दुःखाने काही माणसं शुद्ध होतात. काही नुसती थकतात." शांतता.

पुढे "मला मरणाचं भय वाटत नाही" या वाक्यालाही खोकला आला. ते मी गाळलं.

कंटाळवाण्या जागा म्हणाल, तर त्या उपदेशात पुष्कळ होत्या. त्या सगळ्या बिनबोभाट पार पडल्या. खोकला येत होता तो फक्त खोट्याला. माझंच मन मला खात असेल, असं वाटलं. खात्री करावी म्हणून मला ठाऊक नसलेलं काहीतरी बोललो. "सचिवबाईंना दोन मुलगे आहेत." खोकला. "एक मुलगा आहे." खोकला. "एक मुलगी आहे." शांतता.

थोड्या वेळाने दार वाजलं, मी कडी काढली; बाई चहा घेऊन आल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एकच मुलगी," त्या म्हणाल्या. "का हो पाळकसाहेब, स्थळबिळ आणलंय की काय?"

मी हसलो. चहा संपवून कप त्यांच्या हातात दिला.

"बाहेर मंडळीतल्या दोघी थांबल्यात, सासू-सुना," त्या म्हणाल्या. "त्यांचं जरा ऐकून घ्या."

सासू शिवणकाम करायची. पदराला अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. सून तिच्या मागे उभी होती. मुलगा काही वर्षांपूर्वी कामावर जायला म्हणून निघाला, तो परतलाच नाही. रविवारच्या प्रार्थनेत आम्ही आधी आजाऱ्यांची नावं घेतो, मग प्रवासात असलेल्यांची, आणि शेवटी प्रभूमध्ये निजलेल्यांची, म्हणजे वारलेल्यांची. आधीचे पाळक त्याचं नाव दर रविवारी प्रवाशांत घेत.

"हिला मागणी आलीय," सासू म्हणाली. "माणूस चांगला आहे. पण ज्याचं नाव मी जिवंतांत घेते, त्याच्या बायकोला जा कसं म्हणू?"

"आई, मी कधी म्हटलं मला जायचंय?"

"तू म्हणणार नाहीस गं. म्हणून तर मी म्हणतेय." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही परके आहात, तुम्हाला ना माझी भीड ना हिची. उद्या तुम्ही ज्यात नाव घ्याल, ते आम्ही मानू."

सून खाली बघत होती. तिला काय हवं होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तिची धडपड चालली होती.

मी म्हटलं, देवाला विचारतो. त्या गेल्यावर मी कडी लावली आणि वर चढलो. मी देवाला विचारणार नव्हतो, हे मला कळत होतं.

मी त्याचं नाव घेतलं. "तो प्रवासात आहे."

खोकला.

सुनेसाठी मला हायसं वाटलं. "तो प्रभूमध्ये निजला आहे."

खोकला.

मी व्यासपीठाचा कठडा धरला. "तो परत येणार आहे."

खोकला.

"तो परत येणार नाही."

खोकला. या वेळी जवळून, पुढच्या बाकावरून.

मी पुढच्या बाकाकडे पाहिलं, तो रिकामा होता. मग, बोलायचं नाही असं ठरवत असतानाच, तोंडून गेलं,

"तो आलेला आहे."

शांतता.

रविवारी चर्च भरलं होतं. सासू-सुना पुढच्या बाकावर एकमेकींना लागून बसल्या होत्या. आजाऱ्यांची नावं झाली. प्रवाशांची आली, आणि त्यात मी ते नाव घेतलं नाही. सुनेने मान वर केली. निजलेल्यांची नावं आली, तिथे ते घ्यायचं मी रात्रभर ठरवलं होतं. तिच्यासाठी एक खोटं बोलायची माझी तयारी होती. मी तोंड उघडलं, आणि अगदी जवळ, माझ्या खांद्यामागे, कुणीतरी श्वास घेतला. खोकण्याआधी घेतात तसा.

मी थांबलो. मग "इथे जमलेल्या सर्वांसाठी" ही प्रार्थना सुरू केली, आणि त्यात ते नाव घेतलं.

सासूने डोळे मिटले. सून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हळूहळू बाजूला सरकली. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा झाली.

शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले. सासूने गीतांचं पुस्तक त्या रिकाम्या जागेसमोर धरलं, दोन्ही हातांनी, खालून. कडवं संपलं, तिचे हात जागचे हलले नाहीत, आणि पान उलटलं.

सुनेने आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.