साक्षीसुईची मूठ

न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या सुनावणी कक्षात कुंदा गेडाम तासभर उभी होती. बावीस वर्षं रुग्णालयात रक्त काढणाऱ्या तंत्रज्ञ बाईला कुणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. आरोपी ऋत्विज देवधरे मात्र खुर्चीत रेलून बसला होता. दारूच्या नशेत त्याने गाडी फुटपाथवर घातली आणि रस्ता झाडणारी शेवंता जागीच गेली. त्याच्याविरुद्ध एकच पुरावा होता, कुंदाने काढलेलं रक्त.

“मद्यपी चालकाचं रक्त नोंदणीकृत डॉक्टरनेच काढायचं, असा कायदा आहे,” त्याचे वकील रेगुंडवार म्हणाले. “डॉ. नगरकर, रक्त काढायची ही साक्षीसुई तुम्ही बनवलीत. रक्त कुणी काढलं हे तिला कळतं?”

“कळतं. तिच्या मुठीत घाम तपासणारा स्वेदवेधक आहे. मूठ धरणारा हात तो ओळखतो, शिवाय त्या हाताच्या घामातलं मद्यही मोजतो.” विभावरी नगरकरांचा आवाज चढला. “कारण सरकारला संशय होता तो रक्त काढणाऱ्यांचा. तेच पिऊन येतात म्हणे.”

“तो चुकतो?”

“नाही.”

“हे लिहून घ्या. आता त्या दिवशीची नोंद वाचा. पूर्ण.”

“पहिला हात रुग्णालयातल्या डॉक्टरांचा, चार सेकंद. दुसरा गेडामबाईंचा, दीड मिनिट.”

रेगुंडवार हसले. कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टर नोंदीपुरता सुईला हात लावून निघून जात आणि शीर शोधायची ती हिने, हे सगळ्या रुग्णालयाला ठाऊक होतं.

“बाई, तुम्हाला अधिकारच नव्हता. नमुना बाद.”

“अन् शेवंता? तेही बाद काय?” कुंदाने मनगट पुढे केलं. “नळी भरली तं यानं सुई हिसकली माह्या हातातून. हा पाहा ओरखडा.”

“तो इथला विषय नाही.”

“आहे,” नगरकर म्हणाल्या. “अहवालात रक्त काढेपर्यंतचीच नोंद येते. तुम्ही पूर्ण मागितलीत. तिसरा हात, अकरा सेकंद. दाखल करताना घेतलेल्या ठशाशी जुळतो. ऋत्विज देवधरे. घामातलं मद्य मर्यादेच्या चौपट.”

रेगुंडवार ताडकन उठले. “हा घामाचा नमुना घेतला कुणी? कुणाच्या अधिकारात?”

कुंदा खुर्ची ओढून बसली.

“कोणीच नाही घेतला, साहेब. यानं आपल्या हातानं देला.”