दहावं नाव

"जूनमध्ये गोड बोलणाऱ्या मास्तरावर भाळू नकोस गं," त्सोन्का मावशीने बजावलं होतं. "खोऱ्यात पोरं मोजकी आणि शाळा तीन. पट भरेपर्यंत मुरंबा घेऊन दारात येतात मेले, सप्टेंबरात ओळखसुद्धा दाखवत नाहीत."

"मावशी, मी शाळा बघायला चाललेय, स्थळ नाही!" रालित्सा हसत निघून गेली होती.

नेवेनाला पहिलीत घालायचं होतं. पोरगी बोलताना अडखळायची. बाप जर्मनीला गेला, तिकडचाच झाला, घटस्फोटाचा कागद तेवढा टपालाने आला... तेव्हापासून जास्तच. म्हणून रालित्साने वहीत तीन रकाने आखले होते, तीन सरकारी शाळांचे. हिवाळ्यात वर्ग ऊबदार असतो का, संडासाला कडी आहे का, बस कधी. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात — पोरं हसतील का?

ल्यास्कोवित्सा गावच्या शाळेत ती पोचली तेव्हा पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. अंगणातल्या लिंडनच्या झाडाला शिडी लावून कुणीतरी चहासाठी फुलं खुडत होतं.

"शिपाईदादा, मास्तर आहेत का?"

"आहेत," पानांतून आवाज आला. "माणूस काही खास नाही. चहा मात्र बरा करतो."

शिडीवरून उतरला तो मास्तरच. कामेन. त्याच्या कानामागे एक पिवळं फूल अडकलं होतं. ते सांगावं असं रालित्साला वाटलं... आणि तिने सांगितलं नाही.

तो वहीत डोकावला. "किती गुण पडले आम्हाला?"

"तपासणी चालू आहे. संडासाला कडी?"

"आहे की. गेल्या वर्षी तपासायला आलेले साहेब तासभर आत अडकले होते."

"मग अर्धा गुण वजा."

"अर्धाच? मन मोठं आहे हो तुमचं."

तिने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते तिलाच वाचता आलं नाही.

नेवेना आईच्या पाठीमागे दडली होती. त्याने तिला नाव विचारलं नाही, गाल ओढला नाही. फुलांची टोपली तिच्यापुढे ठेवली आणि आपणही निवडत बसला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हि... हि... हिरवी टाकू?"

त्याने शब्द पुरा करून दिला नाही. थांबला. मग म्हणाला, "टाक की चहात. मला उगाच आवडतात ती."

रालित्साने किती दिवसांनी तरी छाती भरून श्वास घेतला.

त्याने लपवलं काहीच नाही. पहिलीला नऊ नावं होती. दहावं मिळालं तरच वेगळा वर्ग. मग तो घरी आला, वाळलेली फुलं घेऊन. पुन्हा आला, चित्रांचं पुस्तक घेऊन. तिसऱ्यांदा रिकाम्या हातांनी.

"आज काय आणलंत?"

"निमित्त शोधत होतो... मिळालं नाही."

नोंदणीच्या आदल्या दिवशी ती शाळेत गेली. "ठरलं. तुमच्याच शाळेचा अर्ज भरते."

कामेन खडू बोटांत फिरवत राहिला.

"नका भरू."

"काय?"

"तालुक्याच्या शाळेत बोलण्याचे धडे देणाऱ्या बाई आहेत, आठवड्यातून तीनदा. मी नेवेनासाठी थांबू शकतो हो... पण तिचं अडखळणं कसं सोडवायचं, ते मला येत नाही."

"आणि तुमचं दहावं नाव?"

"पहिली-दुसरी एका खोलीत बसतील. माझा घसा बसेल. बाकी काय?"

तिने तालुक्याचा अर्ज भरला. आणि तो यायचा थांबला. जुलै गेला, ऑगस्ट गेला. बाजारात दिसला तर लांबून टोपी उचलायचा, बस्स. मावशी नुसतीच बघायची. रालित्साला रात्रंदिवस एकच टोचत होतं — पटासाठी गोड बोलला नव्हता, हे तर उघड होतं. मग कशासाठी बोलला होता?

सप्टेंबर संपत आला. ती परसात बटाटे काढत होती, कोपरापर्यंत माती. कुंपणापाशी कुणीतरी खोकलं.

"पटाची यादी आज वरच्या कचेरीत गेली," कामेन म्हणाला. घसा पार बसला होता. "बंद झाली. आता कुणाचं नाव हलवता येत नाही."

"बरं... मग?"

"मग आता मला तुमच्याकडून नाव नको, सही नको. आता विचारलं तर चालेल? रविवारी कॉफीला याल?"

"जूनमध्ये काय झालं होतं विचारायला?"

"जूनमध्ये तुमच्या मनात आलं असतं, याला मी हवीये की पटावर माझ्या पोरीचं नाव? आयुष्यभर आलं असतं. म्हटलं, थांबावं."

रालित्सा बटाट्यांच्या सरीतच खाली बसली. हसू आलं की रडू, तिलाच कळेना. "तीन महिने, कामेन! मला वाटलं... जाऊ दे. आधी 'तू' म्हण. मग येते."

"येशील?"

"येईन."

तेवढ्यात बस थांबली. नेवेना दप्तर आपटत धावत आली. "मा... मास्तर! मी आज उ... उभी राहून वाचलं!"

काय वाचलं, ते ती सांगेपर्यंत तो थांबला. रालित्साही थांबली. कुणालाच घाई नव्हती.

आणि हो, सकाळी तालुक्याच्या शाळेवरून तुमचं जाणं झालंच, तर पहिलीच्या खिडकीतून जरा डोकावा. निळ्या रिबिनीची पोरगी शेजारणीशी बोलतेय ना, एवढंच बघा. महिनाभर खिडकीशी फिरकायचं नाही, असा वर्गाच्या बाईंनी रालित्साकडून शब्द घेतलाय. ती विचारणार नाही. तुम्ही आपणहून सांगा.