झोपेतले दहा तास

ओपल हॅम्रिकचं टेबल गेटच्या आत, बॅज दाखवायच्या यंत्राला लागूनच होतं. टेबलावर काळ्या शाईचं पेन, बर्फ घातलेल्या गोड चहाची बरणी आणि तासांची वही. तास खरं तर संगणकच मोजायचा, पण ज्या यंत्राला झोप येत नाही त्याला थकवा काय कळणार, असं तिचं स्पष्ट मत होतं. अणुवीज केंद्रात दिवसाला सोळा तासांच्या वर काम नाही, आठवड्याला बहात्तरच्या वर नाही आणि दोन पाळ्यांच्या मध्ये दहा तासांची विश्रांती झालीच पाहिजे, असा नियम. तो पाळला जातो का, हे बघायला ओपलला बसवलेलं. कामगार तिला पाठीमागे ‘घड्याळबाई’ म्हणत आणि समोर ‘मिस ओपल’.

हा नियम नव्हता त्या काळात तिचा धाकटा भाऊ वेंडेल याच नदीकाठी कामाला होता. एकदा विसाव्या तासाला घरी निघाला आणि गाडी सरळ कापसाच्या शेतात घालून जागीच गेला. रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूण नव्हती. या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली, तरी ओपलला रडू यायचं नाही, संताप यायचा. त्या संतापावरच ती साठाव्या वर्षीही पहाटे पाचला उठून कामावर यायची.

इंधन बदलायला अणुभट्टी बंद केली होती. शटडाउनचा एकोणिसावा दिवस. व्हॉल्व्ह दुरुस्तीच्या खोलीतली चार जणांची टोळी सकाळी सहाला गेटवर आली. पुढे टॅकेट, पांढऱ्या मिशांचा मुकादम, आणि मागे लवॉन, एरवी ज्याचं तोंड एक मिनिट बंद नसे तो. आज चौघेही गप्प होते. ओपलने आधी त्यांचे डोळे पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

“झोपलास का रे?”

“नऊ तास, मिस ओपल. मेल्यासारखा.” टॅकेट म्हणाला.

“मग तोंड असं का झालंय?”

“स्वप्नं पडतात. कामाचीच. आमच्या नशिबात दुसरं काय असणार? रात्रभर चौदा नंबरचा व्हॉल्व्ह घासत होतो.”

लवॉनने चमकून त्याच्याकडे पाहिलं. “चौदाच? तू घासून झाल्यावर झाकण मी धरलं होतं. तू मला शिवीसुद्धा दिलीस.”

“दिली होती,” टॅकेट हळूच म्हणाला.

कोणी हसलं नाही. बॅज दाखवायला लवॉनने हात पुढे केला, तेव्हा ओपलला त्याची नखं दिसली. व्हॉल्व्ह जागेवर नीट बसतो की नाही हे बघायला जो निळा रंग लावतात, तो नखांत भरला होता. काल संध्याकाळी बाहेर पडताना याच माणसाने तिच्यासमोर हात स्वच्छ धुऊन किरणोत्सार तपासायच्या यंत्रात घातले होते. तिने बाकीच्या तिघांना हात दाखवायला लावले. सगळ्यांची नखं निळी होती.

ओपल काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिने सुरक्षेच्या माणसाकडून किल्ल्यांची नोंद मागवली. खोली संध्याकाळी सहाला बंद झाली होती, सकाळी सहाला तपासणीवाल्यांनी उघडली होती, आणि मधल्या वेळात किल्ली पेटीतून हललीच नव्हती. चौघांचे बॅजही रात्रभर कुठल्याच दारावर लागले नव्हते. मग ती स्वतः जाऊन खोली बघून आली. काल अर्धवट उघडा ठेवलेला चौदा नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण होऊन, पुसून, टेबलावर ठेवला होता. खोलीत ताज्या तेलाचा वास होता. चार स्टुलं जराशी मागे सरकलेली होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

ती परत आली आणि चौघांच्या नावापुढे विश्रांतीचे दहा तास कामाचे म्हणून चढवले. कालचे बारा आणि हे दहा, बावीस. संगणकावर चारही नावं लाल झाली आणि बॅज बंद पडले.

पंधरा मिनिटांत शटडाउनचा साहेब प्रुइट येऊन उभा राहिला. “हे काय चाललंय, ओपल? स्वप्नातले तास मोजायला लागलीस?”

“हाताला रंग लागला की ते काम. आणि काम झालं की तास लागतात.”

“बरं, मग सांग, आत कोण आलं? कसं आलं?”

“ते मला माहीत नाही. ते शोधणं तुझं काम. माणसं थकलीत, एवढं मला माहीत आहे.”

“व्हॉल्व्ह तपासणीत पास झालाय! आपण चार दिवस पुढे आहोत!” तो आवाज खाली आणत म्हणाला, “चार दिवस, ओपल. कोणी केलं, कसं केलं, कशाला उकरायचं? अजून चार व्हॉल्व्ह राहिलेत. एक तर हे तास खोड, नाहीतर जादा तासांच्या सवलतीच्या या फॉर्मवर सही कर.”

एका रात्रीत चार दिवस वाचत नाहीत; म्हणजे याला आधीपासून माहीत होतं. ओपलच्या डोक्यात सणक गेली. त्याने टेबलावर ठेवलेला फॉर्म तिने उचलला, चहाच्या बरणीखाली ठेवला आणि बरणीचा गोल ओला डाग त्यावर नीट उमटू दिला.

“सही करणार नाही. जा, कोणाला फोन करायचाय त्याला कर.”

“करतोच. तासाभरात वरून नोंद पुसून घेतो. आणि तुझं टेबलही उचलून घेतो.”

तो गेला. नोंद पुसता येते, हे ओपललाही ठाऊक होतं. पुसता येत नाही ते एकच वाक्य. कामगाराने स्वतःच्या तोंडाने म्हटलं की मी थकलोय, तर त्याला कामाला लावायची कोणाची छाती नव्हती. पण हे वाक्य कोणी म्हणत नसे. म्हणणाऱ्याला पुढच्या शटडाउनला बोलावणं येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती गेटपाशी थांबलेल्या चौघांसमोर जाऊन बसली. “टॅकेट, तू रोज साठ मैल गाडी चालवतोस. माझ्या भावाला चौदाच मैल जायचं होतं. म्हणा रे वाक्य. मी पाया पडणार नाही, पण तुम्ही म्हणाल्याशिवाय इथून उठणारही नाही.”

मग लवॉन, खाली बघत, म्हणाला, “मी थकलोय.” दुसरा म्हणाला. तिसरा म्हणाला. टॅकेटने मिशीवरून हात फिरवला. “थकलोय, मिस ओपल. बाप रे, किती थकलोय.”

तिने चौघांची वाक्यं वेळेसकट वहीत लिहिली आणि खाली त्यांच्या सह्या घेतल्या. मग तिने विचारलं, “स्वप्नात तुम्हाला बोलावतं कोण?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कोणी बोलवत नाही,” टॅकेट म्हणाला. “दार उघडं असतं. आणि दारात तुम्ही बसलेल्या असता. सही करून आत सोडता.”

ओपलने उजव्या हाताची मूठ मिटून घेतली. पहिल्या बोटाच्या कडेला सकाळपासून एक निळा डाग होता, आणि ती तर काळ्या शाईने लिहायची.

सह्यांचं पान पाहून वरच्यांनी चौघांना घरी सोडलं, टेबलही जागेवरून हललं नाही. त्या दिवशी ती उजेड असतानाच घरी जाऊन झोपली. झोपताना मोठ्याने, रिकाम्या खोलीला ऐकवून म्हणाली, “मी सही करणार नाही.”

दार उघडं होतं. टेबल होतं. चौघे रांगेत उभे होते, डोळे मिटलेले. ओपलने पेन खाली ठेवलं आणि दारात आडवी उभी राहिली.

“घरी जा.”

ते हलले नाहीत.

“म्हटलं ना, घरी जा! तास भरलेत तुमचे.”

एकेक करून ते वळले आणि गेले. एवढंच तिला आठवत होतं.

सकाळी सहाला टोळी गेटवर आली ती लवॉनच्या बडबडीसकट. बायकोच्या हातची पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही, गाडीचा टायर, कुत्र्याचा कान, काय काय सांगत होता. चौघांचे हात कोरे होते. ओपलला इतका आनंद झाला की तिने त्याला गप्प बस म्हटलं नाही.

मग प्रुइट आला. कालचाच शर्ट. चालताना भिंतीला हात लावत होता, आणि हात लागेल तिथे भिंतीवर निळं उमटत होतं.

“पंधरा तयार आहे,” तो म्हणाला. “सोळा पण. मला स्क्रूसुद्धा नीट पिळता येत नाही, ओपल.”

“झोपलास का?”

“नऊ तास.” त्याने निळ्या हाताने टेबलाची कड धरली. “तू त्यांना घरी पाठवलंस. मी त्यांच्या मागेच होतो. मलाच आत का ढकललंस?”

ओपलने वही ओढली. प्रुइटचं नाव लिहिलं, पुढे दहा तास लिहिले. नियम सगळ्यांना सारखा.

“वाक्य म्हण,” ती म्हणाली. “म्हण आणि घरी जा.”

“म्हटलं होतं. आतून. कितीदा तरी. तू दार उघडलं नाहीस.”

पेन कोटात ठेवायला तिने खिशात हात घातला. आत व्हॉल्व्हच्या खोलीची किल्ली होती, अजून गरम.