चित्राबाहेर उभा राहिलेला

कुणीतरी दगडाआजीचं मुंडकं कापलं होतं, आणि त्या खोलीत बसलेल्या एकालाही त्याची लाज वाटत नव्हती. उलट हसत होते.

"आजी, तुजं तोंड पिंगळी टेसनावरच ऱ्हायलं बग!"

असे जवळ बसा, सांगते. गोष्ट रात्रीची नाही, भर दुपारची आहे. जानेवारी चौऱ्याण्णव. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर होऊन आठवडा झाला होता. सोळा वर्षं मागितलेलं मिळालं म्हणून आमच्या वस्तीनं निळा झेंडा घेऊन थेट गावाच्या वेशीतून मिरवणूक काढली होती. पहिल्यांदाच. तिचं शूटिंग करणारा सेलूचा चंद्रभान आज कॅसेट आणि व्हीसीआर घेऊन आला होता. संध्याकाळच्या गाडीनं त्याला परतायचं होतं. व्हीसीआर पुढं लग्नाला जायचा होता.

विहाराच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला होता. गोधड्यांचा कोंदट वास, उदबत्तीचा धूर, दाटीवाटीनं बसलेल्या माणसांचे श्वास. मधोमध किशनराव गुरुजींचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. चित्र आलं, हलगी वाजू लागली, पण सगळं चारी बाजूंनी कापलेलं. झेंडा दिसेना. झेंडा धरणाऱ्या दगडाआजीचे काठीवरचे हात आणि लुगडं तेवढं दिसत होतं.

आजी मात्र हसत नव्हती. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत वस्ती पेटवली तेव्हा तिचा मुलगा मुंजाजी, एकोणीस वर्षांचा, घरातल्या आगीत गेला. झेंडा वाचवायला आत गेला होता. म्हणून या मिरवणुकीत तिनं काठी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलीच नव्हती. "जड व्हईल, दे" म्हटलं की म्हणायची, "दोघं धरायलाव की!" तेव्हापासून वस्ती म्हणायला लागली, म्हातारी चळली.

"मला माजं तोंड बगायचंय," ती आता म्हणाली. "आन् माज्या बाजूला कोन व्हतं, ते तुमाला दावायचंय."

चंद्रभाननं घड्याळ पाहिलं. "माजं शूटिंग सही हाय. तुमचा टीव्हीच बाद हाय."

"टीव्हीला नाव ठेवू नको," गुरुजी तापले. "रोज संध्याकाळच्या बातम्या नीट दिसतात. बातम्यावाली बाई गजऱ्यासकट दिसते!"

मी परभणीहून नुकतीच बी.एस्सी. होऊन आले होते आणि मला धीर नावाची गोष्ट माहीत नव्हती. "गुरुजी, संध्याकाळी आपल्याकडं वीज कशी असते?"

"कशी म्हंजे? मेणबत्तीवानी."

"मग झालं तर!"

वीज कमी असली की चित्र आक्रसतं. मेकॅनिकनं संध्याकाळच्या त्या मरतुकड्या विजेला धरून चित्र मागून ताणून ठेवलं होतं. आज दुपारी वीज पूर्ण होती, म्हणून ताणलेलं चित्र काचेबाहेर सांडत होतं. ना टीव्हीचा दोष, ना शूटिंगचा. दोष असलाच तर आम्हाला अर्ध्या विजेत भागवायची सवय लावणाऱ्यांचा.

मी टेस्टर मागितला. मनकर्णाकाकू ओरडली, "मालन, शॉक बसून मरशील गं!"

"मग आरसा धर समोर. कशी मरते ते मला पण दिसू दे."

मी टीव्हीच्या मागं बसले. काकूनं काचेसमोर धरलेल्या आरशात मला चित्र दिसत होतं. उंचीचा स्क्रू हळूच फिरवला. वरून वेशीचा दगड उतरला. झेंड्याचं टोक उतरलं. मग दगडाआजीचं कपाळ, डोळे, आणि पूर्ण तोंड... ताठ मानेनं वेशीतून चाललेलं, हसणारं. ते हसू वस्तीनं सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"जय भीम!" खोली दणाणली. पत्रे थरथरले. आजी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत रडायला लागली. मी जिंकले होते!

आता रुंदी. दुसरा स्क्रू फिरवला, चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं. आणि आरशात मला काठीवर तिसरा हात दिसला.

आजीच्या हातांच्या वर, घट्ट धरलेला. मनगटापुढं चित्र संपत होतं. भूतखेत मी मानत नाही, आमच्या घरात कुणीच मानत नाही. मी स्वतः आजीच्या मागं चालत होते, तिच्या बाजूला कुणी नव्हतं. मला वाटलं, उरलेला माणूस काचेबाहेर राहिलाय. मी आणखी फिरवलं.

चित्राची कड काचेच्या आत आली. तिच्या पलीकडं काळी पट्टी उरली. तिथं काही असूच शकत नाही, कॅसेटवरचं चित्र तिथं संपलेलं असतं. पण त्या काळ्या पट्टीत तो उभा होता. हात चित्रात, माणूस चित्राबाहेर.

हलगीचा आवाज बंद झाला. माणसं चित्रात नाचत होती, पण आवाज नाही. खोलीत ओल्या राखेचा वास आला.

"चंद्रभान... थांबव," मी म्हणाले.

त्यानं बटण दाबलं. मिरवणूक थांबली. उचललेली पावलं तशीच राहिली, झेंडा वाऱ्यात तसाच राहिला.

काळ्या पट्टीतला तो मात्र थांबला नाही. त्यानं सावकाश मान वळवली आणि चित्रातल्या आपल्या आईकडं पाहिलं.

मी उठून समोर आले, काचेत सरळ पाहिलं. तो होताच. कुणी पळालं नाही. दगडाआजी उठली, डोक्यावर पदर घेतला आणि टीव्हीजवळ जाऊन त्या काळ्या पट्टीवर तळवा ठेवला.

"मी म्हनलं न्हवतं? येकटीनं न्हाई आनला झेंडा. दोघांनी आनलाय." मग सगळ्यांकडं वळली. "आता हसा की रं!"

आणि खरंच, आधी एक जण हसला, मग सगळे. रडत रडत हसले. कुणीतरी मुंजाजीच्या नावाचा जयजयकार केला आणि त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही सगळे, मीसुद्धा, छाती फुटेस्तोवर ओरडलो.

फक्त दाराशी बसलेला आश्रुबा ओरडला नाही. अठ्ठ्याहत्तरला मुंजाजीला राखेतून त्यानंच बाहेर काढलं होतं. तो उठून काचेजवळ आला, वाकून बराच वेळ पाहत राहिला, आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाला,

"मालन... ह्याला आमी मूठमाती दिली तवा व्हटावर नुसती लव व्हती... आन् आता ह्याचे केस पिकायलेत."